शापोऱ्याच्या पलीकडे : पेडणे महालाचा धर्मवारसा

म्हापशाहून उत्तरेस निघालेला प्रवासी कोलवाळचा पूल ओलांडतो, तेव्हा केवळ शापोरा नदीच नव्हे, तर इतिहासातील 245 वर्षांचे अंतरही तो ओलांडीत असतो. नदीच्या दक्षिणेचा बारदेश 1543 मध्ये पोर्तुगीज अंमलाखाली गेला; उत्तरेचे पेडणे 1788 मध्ये. या एका अंतराने दोन्ही तीरांवरील देवस्थानांचे भवितव्य कसे वेगळे केले, याचा येथे थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

सोळावे शतक हे जगात अनेक ठिकाणी देवालयांच्या विध्वंसाचे शतक ठरले. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या प्राचीन नगरातील महामंदिराचा प्रतिष्ठाविधी 1318 मध्ये राजा रॉबर्ट ब्रूस याच्या उपस्थितीत झाला होता. 1559 मध्ये जॉन नॉक्सच्या प्रवचनांनी प्रक्षुब्ध झालेल्या लोकांनी ते लुटले आणि संत अँड्र्यूचे तेथे पूजिले जाणारे अवशेष कायमचे नाहीसे झाले. पुढच्याच वर्षी, 1560 मध्ये, गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. तेथे जुन्या ख्रिस्ती पंथावर नव्याने घाव घातला, येथे परक्या राजसत्तेने प्रजेच्या धर्मावर. कारणे भिन्न, पण भग्न वास्तूंचे दृश्य मात्र सारखेच.

तथापि एक मोठा भेद आहे. गोव्यात देऊळ मोडले तरी देव पुष्कळदा वाचला, कारण त्याला जावयास पैलतीर होता. दिवाडीचा सप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून डिचोली महालातील नार्व्यास गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. त्याची साक्ष देणारा शिलालेख आजही द्वारावर आहे. अंत्रूज, डिचोली, पेडणे हे प्रदेश त्या काळी पोर्तुगीज सत्तेच्या बाहेर होते; म्हणूनच ते आश्रयस्थान होऊ शकले.

पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या राज्यात होते. 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हळर्ण आणि तेरेखोल हे किल्ले घेतले. हळर्णच्या विजयाचे त्याला इतके महत्त्व वाटले, की त्या लहानशा गावाचे नाव ‘मार्केश द आलोर्न’ या रूपाने पोर्तुगालच्या सरदारवर्गात जाऊन बसले. अखेर कोल्हापूरकरांशी चाललेल्या संघर्षात साह्य मिळावे म्हणून भोसल्यांनी 1788 मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांस दिला.

तोवर राज्यकर्त्यांचे धोरण पालटले होते. पोर्तुगीज राज्यातून जेझुइटांची हकालपट्टी 1759 मध्येच झाली होती. राज्यास आता धर्मांतरापेक्षा महसूल आणि सरहद्दीची सुरक्षितता हवी होती. नव्या काबिजादींतील देवस्थाने व रूढी यांना अभय मिळाले आणि 1853 मध्ये तेथील रूढींची संहिताही सिद्ध झाली. यास औदार्य म्हणण्यास आम्ही तयार नाही. दुर्बळ झालेल्या सत्तेचा तो व्यवहार होता. परंतु त्या व्यवहारानेच पेडण्याची परंपरा अखंड राहिली, हे नाकारता येत नाही.

ती परंपरा पाहावयाची तर श्रीभगवतीच्या देवळापुढील दोन भव्य पाषाणी हत्तींपाशी थांबू नये. कोजागरीच्या रात्री पेडण्याची पुनव पाहावी. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथ रुसून रानाकडे धाव घेतो. लोककथेप्रमाणे त्याला एका रात्रीत बांधलेले देऊळ हवे आहे. गावकरी त्याची समजूत घालतात, आश्वासन देतात आणि देव परततो. पुढील वर्षी पुन्हा तीच मागणी, तेच आश्वासन. ज्या देवाला देऊळच नाही त्याचे देऊळ कोण मोडणार? वारसा दगडात नसून दरवर्षी नव्याने दिल्या जाणाऱ्या शब्दात असतो, हे या विधीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

आणि नदीने सारेच तोडले असेही नाही. मोरजीची मोरजाय ही लोकश्रद्धेने सात बहिणींपैकी एक. शिरगावची लईराई तिची बहीण आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीणही बहीणच. म्हापशाच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. राजसत्तेने आखलेली रेषा या नात्याने कधी मानली नाही. तेरेखोलच्या किल्ल्यात, जेथे 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला, तेथेच संत आंतोनचे चर्चही उभे आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास तर हा महाल परका नाहीच. ‘महदनुभवेश्वरी’कार संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाते पालयें गावाशी सांगितले जाते आणि विर्नोड्याचे शासकीय महाविद्यालय त्यांच्याच नावाने चालते. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा हे केरीचे. एकाने वेदान्त, दुसऱ्याने तलवार उत्तरेपर्यंत नेली.

आज परकी सत्ता नाही, इन्क्विझिशन नाही. परंतु मोपाच्या पठारावर 2023 च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आहेत आणि महालाचे रूप झपाट्याने पालटत आहे. देवळे उभी राहतील, कदाचित अधिक भव्यही होतील. भीती आहे ती निराळी : मांडावर कोणी प्रथम उभे राहावयाचे, तरंग कोणी धरावयाचे, गाऱ्हाणे कोणत्या शब्दांत घालावयाचे, हे जाणणारे वृद्ध एकेक करून जात आहेत. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी गावोगावची ही गाऱ्हाणी व कथा त्या त्या बोलीतच उतरवून घ्याव्या आणि अकादमीने त्यांचा संग्रह करावा, एवढीच आमची सूचना आहे. देवांना पैलतीर मिळाला म्हणून ते वाचले. शब्दांना पैलतीर म्हणजे लेखन.