जून ते दसरा : आपल्या सीमाभागातल्या शाळेचं एक सत्र



दहावीचा निकाल लागला की आपल्या सगळ्या घरांतून एकच प्रश्न विचारला जातो, "६२५ पैकी किती?" मार्क कळले की अभिनंदन होतं, पेढे वाटले जातात आणि विषय संपतो. पण त्या पोरानं वर्षभर शाळेत काय काय केलं, कुठल्या स्पर्धेत उभं राहिलं, काय लिहिलं, कोणासमोर बोललं, हे कोणी विचारत नाही. मी आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासल्या. नुसती शेवटची शिल्लक बघून खात्याचा व्यवहार कळत नसतो, मधल्या नोंदी बघाव्या लागतात. आज अशाच काही मधल्या नोंदी मांडतोय. मोठा इतिहास आहे असं नाही, पण आपल्या बिदर-गुलबर्गा भागातल्या मराठी घरांचा तो आहे.

आमचं घर मन्नाएखेळ्ळीचं. हैदराबादहून हुमनाबादमार्गे सोलापूरला जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव. घरी मराठी, बाजारात कन्नड, तहसिलीत उर्दू. आमच्या आजोबांच्या वेळी हे असंच होतं. आजोबांचा हिशेब मोडीत, वडिलांचं शिक्षण उर्दूत, माझं मराठीत आणि सोबत कन्नड, आणि नातवंडांचं इंग्रजीत. एकाच घराच्या पेटीत पाच लिप्यांचे कागद सापडतात. तुमच्याकडेही असतील, बघा.

निजामी अमदानीतली शाळा

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. मराठवाड्याचे पाच, तेलंगणाचे आठ आणि कर्नाटकाचे तीन, ते म्हणजे बिदर, गुलबर्गा, रायचूर. प्राथमिक शाळेत मातृभाषा चालायची, पण हायस्कूलला गेलं की उर्दू. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, जुम्म्याची. कागदावर तारीख फसली सालाची, महिने आजूर, दै, बहमन असे. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर फसली साल आहे. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो.

अशा वेळी मराठी मंडळींनी स्वतःच्या शाळा काढल्या. १९०७ साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघालं, त्याच सुमारास हैदराबादेत विवेक वर्धिनी निघाली. विवेक वर्धिनीच्या मागे केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारखी माणसं होती. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा सुरू झाली. हे हिप्परगा आज धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात येतं. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते, पुढे ते अंबाजोगाईच्या शाळेत गेले. आणि १९३८ साली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला तेव्हा शाळा सोडून त्यात उतरले.

आता मुद्दा असा, की या शाळांमध्ये पुस्तकी अभ्यासाइतकंच बाकीच्या गोष्टींना महत्त्व होतं. व्यायाम, वाचनालय, वक्तृत्व, गणेशोत्सव, नाटक. आज आपण याला "उपक्रम" म्हणतो आणि अहवालात चार ओळी टाकून मोकळे होतो. त्या काळी हे सोपं नव्हतं. संस्थानात "गश्ती निशान ५३" नावाचं फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. खाजगी शाळांवरही सरकारची नजर असे. दहा पोरं जमवून भाषणं ठेवायची म्हटली तरी मास्तरांना विचार करावा लागायचा. तरी त्यांनी ते केलं, कारण चार लोकांत उभं राहून आपल्या भाषेत बोलता येणं हेच त्यांना शिकवायचं होतं.

हे फक्त मराठीचंच नाही हं. भालकीच्या चन्नबसव पट्टद्देवरांची गोष्ट आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. बाहेर पाटी उर्दूची आणि आत शिकवणं कन्नडचं. त्यांच्या कन्नड शाळेची आणि आपल्या मराठी शाळेची अडचण एकच होती. म्हणून आपल्याकडे मराठी-कन्नड वाद ऐकला की मला हे दोन्ही आठवतं.

१९३८च्या शेवटी विद्यार्थ्यांनीच मोठं काम केलं. वसतिगृहात "वंदे मातरम्" म्हणायला बंदी झाली, आणि पोरं म्हणाली आम्ही म्हणणारच. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातून ते सुरू झालं, हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहात गेलं, गुलबर्ग्यापर्यंत पोचलं. कितीतरी मुलांची नावं पटावरून कमी झाली. त्यांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. त्या मुलांमध्ये पी. व्ही. नरसिंह राव होते, पुढे देशाचे पंतप्रधान झाले ते. त्या वर्षीच्या त्या पोरांच्या प्रगतिपुस्तकात काय असणार? "गैरहजर" एवढंच. मार्कांच्या हिशेबानं त्यांचं वर्ष वाया गेलं, आणि तरी आज आपण आठवतो ते तेच वर्ष.

वाटणी झाली त्यानंतर

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं. शाळांमधून उर्दूची जागा हळूहळू मराठी, कन्नड, तेलुगू यांनी घेतली. मग १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली. आपल्या जुन्या बिदर जिल्ह्यात मराठी बोलणारे सर्वांत जास्त होते, पण निम्म्यापेक्षा कमी. जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे म्हैसूर राज्यात. आत्या उदगीरला, मावशी झहीराबादला, आपण खेळ्ळीला. तीन राज्यं आणि एकच लग्नपत्रिका.

शाळेचं वेळापत्रकही वेगळं झालं. आजही बघा, कर्नाटकात पहिलं सत्र जूनला सुरू होऊन दसऱ्याच्या सुट्टीला संपतं, महाराष्ट्रात ते दिवाळीपर्यंत चालतं. आत्याची मुलं सुट्टीला आली की आमची शाळा चालू, आणि आम्ही मोकळे तेव्हा त्यांची परीक्षा.

मी १९६५ साली नववीत होतो. हायस्कूल तालुक्याच्या गावी, खोली करून राहायचो. त्या एका सत्राचं सांगतो, कारण ते चांगलं लक्षात आहे.

जूनमध्ये शाळा उघडली. पाऊस, चिखल, वर्गात जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री, निम्म्या किमतीला. जुलैमध्ये हस्तलिखिताचं काम निघालं. आजच्या मुलांना हस्तलिखित म्हणजे काय ते सांगावं लागेल. छापायला पैसे नसत, म्हणून मुलांचे लेख, कविता, चित्रं सुंदर अक्षरात एका जाड वहीत उतरवून काढायची, एकच प्रत. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असंच हस्तलिखित काढायचे. तिथून ही पद्धत सगळ्या मराठी शाळांत पसरली असावी असं आमचे गुरुजी म्हणायचे. आमच्या हस्तलिखितात मराठी, कन्नड आणि हिंदी असे तीन भाग होते. माझं अक्षर बरं म्हणून मला उतरवायचं काम. कन्नड भाग एका लिंगायत मित्राचा. तो माझ्या मराठीतल्या चुका काढायचा आणि मी त्याच्या. मला कन्नड लिहिता येतं ते त्या वहीमुळे, व्याकरणाच्या पुस्तकामुळे नाही.

१५ ऑगस्टला प्रभातफेरी. मग गणपती. आणि सप्टेंबरात युद्ध. पंचायतीच्या रेडिओसमोर गर्दी असायची. शास्त्रीजींची "जय जवान जय किसान" घोषणा भिंतीभिंतीवर. शाळेत वक्तृत्व स्पर्धा ठेवली, विषय शेतकरी आणि सैनिक. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली, आणि स्पर्धा त्यानंतर दसऱ्याच्या सुट्टीआधी झाली. माझा दुसरा नंबर आला. बक्षीस एक फाउंटन पेन.

आता या बक्षिसाची खरी नोंद सांगतो. ते भाषण माझ्याकडून पाठ करून घेतलं अक्कानं. माझी थोरली बहीण. तिचं शिक्षण गावातच सातवीपर्यंत झालेलं. पुढे हायस्कूल बाहेरगावी, मुलीला खोली करून कोण ठेवणार? त्या वेळी कोणाच्याच मुली जात नव्हत्या. सातवीपर्यंत तिचा पहिला नंबर कधी चुकला नाही. मी शनिवारी गावी आलो की ती चुलीपुढे भाकरी थापत बसायची आणि मी उंबऱ्यात उभा राहून भाषण म्हणायचो. "हळू बोल. पळायलास कुठं? 'शेतकरी' म्हणताना थांब जरा." अशी ती सांगायची. पेन आलं, त्यावर माझं नाव. शाळेच्या कुठल्या यादीत अक्काचं नाव नाही. कुठल्या प्रगतिपुस्तकातही नाही.

बँकेच्या काउंटरवरून

मी गुलबर्ग्याला बी.कॉम. केलं. तेव्हा तिथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती, गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली झालं. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर खेड्यापाड्यांत बँकांच्या शाखा निघत होत्या, त्या लाटेत मलाही नोकरी लागली. सगळी नोकरी याच पट्ट्यात झाली.

तिथे एक गोष्ट बघितली. पीककर्जाचा फॉर्म घेऊन म्हातारा शेतकरी काउंटरवर यायचा. फॉर्म इंग्रजी-कन्नडमध्ये, सातबाऱ्यासारखे जुने कागद उर्दूत, माणूस मराठी. अशा वेळी त्याच्यासोबत गावातला एखादा पोरगा असायचा जो तिन्ही भाषांत समजावून सांगायचा, साहेबाला न घाबरता प्रश्न विचारायचा. मी विचारायचो, शाळेत काय करायचास रे? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं. नाटकात होतो, कबड्डीत होतो, भाषणं करायचो, हिंदीच्या परीक्षा दिल्या. मार्क मात्र कोणी सांगितले नाहीत, त्यात काही नापास झालेलेही होते. पण गावाचं काम त्यांच्यावर चालायचं.

म्हणून मला वाटतं, आपल्या भागातल्या शाळांची खरी कमाई हीच. एका पोराच्या तोंडात तीन भाषा आणि चार लोकांत बोलायचं धाडस. हे परीक्षेतून येत नाही. ते जून ते दसरा या काळातल्या त्या सगळ्या "जादा" गोष्टींतून येतं.

आणि आज

आजची परिस्थिती वाईटच आहे असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. २००६-०७पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या मुलांना सायकली दिल्या. सकाळी रस्त्यानं सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुली दिसतात तेव्हा मला अक्काच आठवते. सायकल असती तर, एवढंच मनात येतं. "प्रतिभा कारंजी" नावाची सरकारी स्पर्धा आहे, क्लस्टरपासून तालुका, जिल्हा, राज्य अशी वर जाते. त्यात कन्नडबरोबर मराठीतही भाषण करता येतं. अक्काची नात त्यात तालुक्याला पहिली आली. भाषण पाठ करून घेतलं कोणी, ते सांगायला नको! अक्का आता ऐंशीच्या पुढे आहे, पण "हळू बोल, थांब जरा" हे अजून तसंच.

काळजी वाटते ती आपल्यासारख्या स्थिरस्थावर घरांची. आपली मुलं चांगल्या इंग्रजी शाळांत आहेत, ते योग्यच. पण त्यांच्या सत्रात मराठीत उभं राहून बोलायची एकही वेळ येत नाही, आणि आपण ती घरी आणत नाही. १७ सप्टेंबर आपल्याकडे, महाराष्ट्रात आणि तेलंगणात वेगवेगळ्या नावांनी साजरा होतो. तो दिवस कशाचा आहे हे नातवंडांना विचारून बघा. माझ्या घरी विचारलं तर "लाँग वीकेंड" असं उत्तर आलं. राग आला नाही, कारण सांगायचं काम आपलं होतं.

म्हणून एक विनंती. आपापल्या घरातली जुनी पेटी उघडा. प्रगतिपुस्तक, दाखला, बक्षिसाचं प्रमाणपत्र, संमेलनाचा फोटो, हस्तलिखिताचं पान, जे असेल ते काढा. एका वहीत लिहा : साल, शाळा, कुठली भाषा, काय केलं. आणि खाली आणखी एक रकाना ठेवा, ज्यांनी करून घेतलं त्यांचा. अभ्यासासाठी कंदील धरणारी आई, डबा पोचवणारा भाऊ, फी भरायला बांगडी मोडणारी आजी. त्यांची नावं शाळेच्या रजिस्टरात सापडणार नाहीत. आणि आपल्यातली वडीलधारी मंडळी आहेत तोवरच ती विचारून घेता येतील.

मी माझ्या वहीत पहिली ओळ लिहिली आहे. १९६५, इयत्ता नववी, वक्तृत्व, दुसरा क्रमांक. शेजारच्या रकान्यात : अक्का, सातवी पास.