पाकिटावरचं पिकाचं नाव

नव्या रानात पहिल्यांदा सोयाबीन पेरलं, तेव्हा घरात उरलेलं हरभऱ्याचं रायझोबियम बियाण्याला चोळलं. महिन्याने रोपं उपटली, तर मुळांवर गाठीच नाहीत! पाकीट बोगस म्हणून मोकळा झालो. पण चूक माझीच होती.

१८८६ साली जर्मनीत हेलरीगेल यांनी दाखवलं, की शेंगवर्गीय पिकांना हवेतलं नत्र मिळतं ते मुळांवरच्या गाठींमुळे. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवले. पण जिवाणू आपलं पीक ओळखतात कसे, हे कळायला जवळपास शंभर वर्षं गेली. १९८६ मध्ये अमेरिकेत सापडलं, की लसूणघासातून पाझरणारं ल्युटिओलिन तिच्या जिवाणूंना जागं करतं. १९९० मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी जिवाणू उलट पाठवतात तो रासायनिक निरोपही ओळखला. तो पटला, की मूळ दार उघडतं.

सोयाबीनची हाक वेगळी, हरभऱ्याची वेगळी. हाक आणि उत्तर जुळलं तरच गाठ.

म्हणून पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्या. आणि फुलोऱ्यात एक गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी दिसली, तर गडी कामावर आहे.