विद्येचे ऋण आणि जामीनदार

विद्या विकत मिळत नाही हे खरे. परंतु ती मिळेपर्यंत जेवावे लागते, कोठेतरी राहावे लागते आणि फी भरावी लागते. हा खर्च कोणी सोसावा, ह्या प्रश्नाला आपल्या समाजाने वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली. माधुकरी हे एक, संस्थानिकाचा आश्रय हे दुसरे, सरकारी शिष्यवृत्ती हे तिसरे आणि कर्ज हे चौथे. ह्या चारही उत्तरांची परीक्षा आम्ही अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, धारणीस उभे राहून करू इच्छितो. पुण्यामुंबईस जी योजना साजरी दिसते, ती मेळघाटाचे घाट चढून कितपत पोचते यावरूनच तिचे मोल ठरले पाहिजे.

माधुकरीने अनेक गरीब मुले शिकविली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याला त्या दारात उभे राहण्याचीच मुभा नव्हती, त्याला तिचा काय उपयोग? संस्थानिकांच्या आश्रयाने ही कोंडी काही अंशी फुटली. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. ती निव्वळ देणगी नव्हती. शिक्षण पुरे होताच दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार तिच्यामागे होता. १९१७ साली करारानुसार ते बडोद्यास गेले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. सेवेने ऋण फेडू पाहणाऱ्या माणसाला समाजाने ते फेडूही दिले नाही! पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर. एकाच माणसाच्या आयुष्यात आश्रय, काटकसर आणि मित्राचा विश्वास अशा तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. अशा योगायोगावर लाखो मुलांचे शिक्षण सोपविता येत नाही.

हे त्यांनी स्वतः ओळखले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी ह्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. कोरकूंच्या मुलासाठी हा क्षण मोठा होता. आता कोणा धनिकाची मर्जी राखण्याचे कारण उरले नाही. कागदावर तरी तो हक्कदार ठरला.

कर्जाची कल्पना यानंतर आली. रशियाने उपग्रह सोडल्याने हादरलेल्या अमेरिकेने १९५८ साली कायदा करून विद्यार्थ्यांना केंद्र सरकारच्या पैशातून तीन टक्के व्याजाने कर्ज देण्यास आरंभ केला, आणि जो पुढे शिक्षक होईल त्याच्या कर्जाचा निम्म्यापर्यंत भाग माफ करण्याचे ठरविले. आपल्याकडे १९६३-६४ साली राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना निघाली. ती बिनव्याजी होती आणि तिच्यातही शिक्षकी पेशा पत्करणाऱ्याला दर वर्षाच्या सेवेमागे दहावा हिस्सा सूट होती. ही योजना पुढे बंद पडली. २००१ साली बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. तिच्यात चार लाखांपर्यंत तारण नको, पण आईबापांची सही हवी. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार. आणि त्याहून अधिक रकमेस मालमत्तेचे तारण. २०१५ साली सरकारी हमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतची तारणाची अट सैल झाली.

आता हे नियम धारणीस नेऊन पाहा. जामीनदार म्हणजे काय? ज्याची पत बँकेला मान्य आहे असा ओळखीचा माणूस. ज्याचे घर पावसावरच्या कोरडवाहू शेतीवर, तेंदूपत्त्यावर, मोहावर आणि हंगामी मजुरीवर चालते, त्याच्या ओळखीत असा माणूस कोठून यावा? त्याच्याजवळ जमीन असेल. पण सावकारापासून तिचे रक्षण व्हावे म्हणून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यावर कायद्याचे बंधन आहे. हे बंधन योग्यच आहे. परंतु जी जमीन बाजारात सहजी विकली जात नाही, तिचे तारण म्हणून मोलही कमीच. जो कायदा त्याचे शेत वाचवितो, तोच त्याची पत आखडतो. मुलाच्या घरची भाषा कोरकू, शाळेची मराठी, अर्जाची इंग्रजी. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, उत्पन्नाचा दाखला ही शिडी चढावयाची ती निराळीच.

म्हणून धारणीच्या मुलाचा खरा आधार अद्याप शिष्यवृत्ती हाच आहे. मात्र एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. शिष्यवृत्ती वेळेवर आली तरच ती शिष्यवृत्ती. फी जूनमध्ये, खाणावळ दरमहा आणि रक्कम मात्र वर्ष सरताना, असे झाले म्हणजे मधले महिने बाप उसनवारीवर काढतो. आणि ती उसनवारी बँकेच्या दराने मिळत नाही. सरकारी कागदावर ज्याला अनुदान म्हणतात, ते त्या घरात कर्ज होऊन बसते. कर्ज घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला कर्जदार करण्याची याहून सोपी रीत नाही.

इतिहासातून घ्यावयाचा बोध आमच्या मते असा. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यास आधी वेळेवर शिष्यवृत्ती द्यावी आणि उरलेल्या गरजेपुरतेच कर्ज द्यावे. त्या कर्जाला जामीन सरकारने राहावे. आणि १९६३ सालच्या योजनेतील विसरले गेलेले कलम पुन्हा जागे करावे : मेळघाटातला जो तरुण शिकून आपल्याच भागात परतेल आणि कोरकू बोलणाऱ्या मुलांना शिकवील, त्याचे कर्ज वर्षागणिक उतरत जावे. बडोद्याच्या करारातही सेवेने ऋण फेडण्याचीच कल्पना होती. ती फसली ती समाजाने त्या सेवकाला जागा दिली नाही म्हणून. धारणीस शिक्षकाला जागा आहे आणि त्याची वाट पाहणारी मुलेही आहेत.