खंडू रांगणेकर

खंडेराव मोरेश्वर रांगणेकर ऊर्फ खंडू रांगणेकर (२७ जून, १९१७:मुंबई - ११ ऑक्टोबर, १९८४:ठाणे) हे भारताकडून कसोटी क्रिकेट खेळलेले खेळाडू आणि नावाजलेले बॅडमिंटनपटू होते. ते डावखुरे फलंदाज व चपळ क्षेत्ररक्षक म्हणून ओळखले जात.

देशांतर्गत क्रिकेट

रांगणेकरांनी १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून रणजी करंडक स्पर्धेत पदार्पण केले आणि वेस्टर्न इंडियाविरुद्ध पहिल्याच सामन्यात १०२ धावा काढल्या. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी प्रथमच करंडक जिंकला. पुढे ते मुंबई व होळकर या संघांकडून, तसेच पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून खेळले. प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ४,६०२ धावा केल्या. त्यांत १५ शतके असून २१७ ही सर्वोच्च धावसंख्या आहे. त्यांची सरासरी ४१ हून अधिक होती.

कसोटी कारकीर्द

दुसऱ्या महायुद्धामुळे १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर १९४६ पर्यंत भारताला एकही कसोटी सामना खेळता आला नाही. त्यामुळे रांगणेकरांच्या उमेदीची वर्षे देशांतर्गत सामन्यांतच गेली. लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली १९४७-४८ मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा ते तीस वर्षांचे होते. ब्रिस्बेन येथील पदार्पणाच्या सामन्यात पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर भारताचे डाव ५८ व ९८ धावांत आटोपले. रांगणेकरांनी अनुक्रमे १ व ० धावा केल्या. त्यानंतर मेलबर्न व ॲडलेड येथे त्यांना संधी मिळाली. तीन कसोटींतील सहा डावांत त्यांच्या नावावर ३३ धावा जमा झाल्या. १८ ही त्यांतील सर्वाधिक खेळी होती. यानंतर त्यांची कसोटी संघात निवड झाली नाही. देशांतर्गत सामन्यांत मात्र ते पुढेही धावा करत राहिले.

बॅडमिंटन आणि वारसा

क्रिकेटबरोबरच रांगणेकर बॅडमिंटनमध्येही अव्वल दर्जाचे खेळाडू होते. एकाच खेळाडूने दोन खेळांत प्रावीण्य मिळवण्याचे हे भारतातील सुरुवातीच्या काळातील एक उदाहरण आहे. ठाणे महानगरपालिकेच्या बॅडमिंटन हॉलला त्यांचे नाव देण्यात आले आहे. महापालिकेच्या सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजनेमुळे ठाणे हे या खेळाचे महत्त्वाचे केंद्र बनले. कसोटी क्रिकेटपटू असलेल्या रांगणेकरांचे नाव त्यांच्या शहरात अशा प्रकारे बॅडमिंटनशी जोडले गेले आहे.