मुकं इंग्रजी

परीक्षा इंग्रजीची, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये इंग्रजीची डिक्शनरी न्यायला परवानगी! असं आपल्याकडे कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण चीनमध्ये १९९९ पासून २०१६ पर्यंत अशी एक परीक्षा देशभर होत असे. आणि ती देणारी कॉलेजातली पोरं नव्हती. डॉक्टर, इंजिनियर, संशोधक, शेतीतज्ज्ञ... चाळिशीतली, पंचेचाळिशीतली, घरसंसारात बुडालेली माणसं. शेजारी जाडजूड डिक्शनरी, समोर पासष्ट प्रश्न, हाताशी दोन तास. पास झालं तर बढतीचा अर्ज पुढे सरकणार, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा बसा.

मी स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झालेली आणि नंतर जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. शब्दार्थ पाठ करणं म्हणजे काय असतं हे मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. त्यामुळे या परीक्षेबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा हसू आलं, आणि नंतर जसजसं वाचत गेले तसतसं हसू मावळत गेलं. त्याचीच ही गोष्ट.

मुळात परीक्षा ही चीनचीच देणगी. सातव्या शतकापासून थेट १९०५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेराशे वर्षं, तिथे सरकारी अधिकारी लेखी परीक्षा घेऊन निवडत. इंग्रजांनी ही पद्धत पाहिली, आणि १८५५ साली लंडनमध्ये आय.सी.एस.ची खुली स्पर्धा सुरू झाली त्यामागे चीनचं उदाहरण होतं असं अनेक इतिहासकार मानतात. आज आपली मुलं एम.पी.एस.सी.च्या क्लासला जातात त्याचं मूळ असं लांब कुठेतरी पेकिंगमध्ये जाऊन पोचतं. परीक्षा तिकडून इंग्रजांच्या हातून आपल्याकडे आली, आणि तिकडे इंग्रजी गेली ती शेवटी परीक्षेच्याच दारातून.

पण ती गेली कशासाठी, हे बघण्यासारखं आहे. १८५८ च्या तिआनजिनच्या तहात इंग्रजांनी एक कलम घातलं होतं. तहाच्या चिनी आणि इंग्रजी मजकुरात अर्थाचा फरक निघाला, तर इंग्रजी मजकूर खरा धरायचा! म्हणजे आपल्याच देशाबद्दल आपण कशावर सही केली, हे कळायलाही इंग्रजी वाचता येणं भाग. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६२ साली, पेकिंगमध्ये दुभाषे तयार करण्यासाठी 'तोंगवेन ग्वान' नावाची सरकारी शाळा निघाली. आपल्याकडे इंग्रजी आली ती राज्यकर्त्याची भाषा म्हणून. कचेरीत, कोर्टात, साहेबासमोर ती बोलावी लागे. चीनमध्ये ती आली ती फसवणूक होऊ नये म्हणून वाचायची भाषा म्हणून. हा फरक पुढे दीडशे वर्षं पुरला, असं मला वाटतं.

मधला काळ भराभर सांगते. १९४९ नंतर रशियाशी मैत्री, म्हणून शाळा-कॉलेजात रशियन आली आणि इंग्रजी मागे पडली. साठीच्या दशकात रशियाशी बिनसलं तशी इंग्रजी हळूहळू परत येऊ लागली, तेवढ्यात १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षा बंद. शहरातली शिकती मुलं खेड्यात शेतावर पाठवली गेली. परकी भाषा येणं हाच संशयाचा विषय झाला. अकरा वर्षांनी, १९७७ च्या हिवाळ्यात, प्रवेशपरीक्षा पुन्हा घेतली तेव्हा सत्तावन्न लाख जण बसले आणि सुमारे पावणेतीन लाखांना प्रवेश मिळाला. शंभरातले जेमतेम पाच! बाकीचे पंच्याण्णव कुठे गेले असतील, याचा विचार शिक्षकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. ती माणसं लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहेत.

आता दारं उघडली. १९७८ पासून सरकारने विद्यार्थी परदेशी पाठवायचं ठरवलं. १९८१ साली टोफेल चीनमध्ये आली. १९८७ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी 'बँड चार' आणि १९८९ साली 'बँड सहा' अशा देशव्यापी इंग्रजी परीक्षा सुरू झाल्या. बँड चारच्या जुन्या पेपरात शंभरपैकी चाळीस गुण वाचनाला, पंधरा शब्द आणि व्याकरणाला, वीस ऐकण्याला. बोलण्याला शून्य.

यावर आज टीका करणं सोपं आहे. पण त्या वेळचा हिशोब बघा. देशाला हवं होतं ते विज्ञान आणि तंत्रज्ञान, आणि ते इंग्रजी नियतकालिकांत छापलेलं होतं. बोलायला समोर इंग्रज नव्हता, पुस्तक मात्र होतं. इंग्रजी शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांनी स्वतःच इंग्रज माणसाचा आवाज रेडिओवर सोडून कधी ऐकला नव्हता. टेपरेकॉर्डर वर्गात एक असला तर नशीब. आणि लाखो पेपर तपासायचे तर चार पर्यायांतून एक निवडा, हेच मशीनला जमणारं. बोलण्याची परीक्षा घ्यायची तर एकेकाला समोर बसवून ऐकणारा माणूस हवा. तो आणायचा कुठून? म्हणून 'वाचन आधी' हे त्या वेळी शहाणपणाचंच होतं.

बरं, चिनी माणसाला इंग्रजी शब्द शिकणं किती अवघड आहे, याची आपल्याला कल्पना येत नाही. आपल्या घरातली न शिकलेली आजीसुद्धा टेबल, स्टेशन, डॉक्टर, कप, लाईट बिल असे शेकडो इंग्रजी शब्द सहज बोलते. शाळेत इंग्रजी सुरू होण्याआधीच पोराच्या खात्यावर ही शिल्लक जमा असते. चिनी भाषा असे शब्द आवाजासकट फारसे घेत नाही, ती अर्थ घेते. टेलिफोन म्हणजे 'विजेचं बोलणं'. कॉम्प्युटर म्हणजे 'विजेचा मेंदू'. आणि रेल्वे म्हणजे चक्क 'आगगाडी'! (हा शब्द वाचून मला कोण आनंद झाला!) आपण आगगाडी सोडून ट्रेन म्हणू लागलो, ते मात्र आगगाडीवरच राहिले. भाषा स्वच्छ राहिली हे खरं, पण इंग्रजी शिकणाऱ्याला फुकटात एकही शब्द मिळेना. प्रत्येक शब्द पहिल्यापासून पाठ करायचा. पाठ करायची सवय मात्र तयार होती. दोन-तीन हजार चित्राक्षरं एकेक करून गिरवल्याशिवाय त्यांना स्वतःची भाषाही वाचता येत नाही. त्याच सवयीने त्यांनी इंग्रजी शब्दांच्या याद्या हाती घेतल्या. त्यांच्यात एक विनोद आहे. शब्दांची कुठलीही यादी 'ए'पासून सुरू होते आणि पहिलाच शब्द येतो 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणं. निम्मे लोक तिथेच थांबतात!

तर आता पुन्हा त्या डिक्शनरीवाल्या परीक्षेकडे. तिकडे डॉक्टर, इंजिनियर, संशोधक यांना नोकरीत दर्जा असतो, कनिष्ठ, मध्यम, वरिष्ठ असा. पगार, घर, मान सगळं त्या दर्जावर. वरच्या दर्जासाठी परकी भाषा यायला हवी असा नियम झाला आणि १९९९ पासून त्यासाठी देशभर एकच परीक्षा सुरू झाली. सर्वसाधारण, विज्ञान-अभियांत्रिकी आणि आरोग्य असे तीन विभाग, प्रत्येकात तीन पातळ्या. ऐकणं नाही, बोलणं नाही, निबंधसुद्धा नाही. सगळं शब्द आणि वाचन.

पहिले पंधरा प्रश्न शब्दांचे. वाक्यातल्या एका शब्दाखाली रेघ, आणि चार पर्यायांतून जवळच्या अर्थाचा शब्द निवडायचा. समजा 'ॲन्युअल'खाली रेघ आहे, तर 'डेली, वीकली, मंथली, इयर्ली' यांतला कुठला? आता जवळ डिक्शनरी असताना ही कसली परीक्षा? ही तर बोटांच्या वेगाची परीक्षा झाली. पण पुढचे उतारे बघा. एखाद्या रोगावरचा, यंत्रावरचा, हवामानावरचा उतारा, आणि त्यावर प्रश्न. इथे डिक्शनरी असणं मला उलट प्रामाणिक वाटतं. खेड्यातल्या दवाखान्यातला डॉक्टर खरोखर इंग्रजी लेख वाचेल तेव्हा तो डिक्शनरी घेऊनच वाचणार ना? भाषेच्या परीक्षा नेहमी माणसाला नागवं करून उभं करतात. हिने निदान त्याची काठी काढून घेतली नाही.

आणि तरीही ही परीक्षा कित्येकांना छळून गेली. कारण पेपरात नव्हतं, पेपर देणाऱ्याच्या वयात होतं. १९९९ साली पंचेचाळीस वर्षांचा असलेला माणूस सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा बारा वर्षांचा होता. ज्या वयात ए-बी-सी-डी शिकायची त्या वयात त्याची शाळाच बंद पडली. ज्या वयात कॉलेज, त्या वयात तो शेतावर. पुढे धडपडून शिकला, वीस वर्षं रोगी तपासले, पूल बांधले. आणि बढतीची वेळ आली तेव्हा सरकारने विचारलं, इंग्रजी येतं का? एकदा हिरावलेलं शिक्षण दुसऱ्यांदा त्याच्याच खात्यावर उधारी म्हणून मांडलं गेलं. रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश असे पर्याय होते. पारंपरिक चिनी वैद्यांना इंग्रजीऐवजी जुन्या वैद्यकग्रंथांच्या भाषेचा पेपर देता येई. ठिकठिकाणी वयाच्या सवलतीही होत्या. पण ज्याला कुठलीच परकी भाषा कुणी शिकवली नाही, त्याने काय निवडावं? मग पाठांतर. अधिकृत पाठ्यपुस्तकातले काही उतारे पेपरात येत, म्हणून उतारेच्या उतारे पाठ. पास झाल्यावर पुस्तक रद्दीत.

त्याच काळात तरुण मुलं दुसऱ्या टोकाला होती. अमेरिकेत जायचं तर जी.आर.ई. त्यात तेव्हा विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असत, आणि शब्द असे की अमेरिकन माणूसही जन्मात वापरणार नाही. हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. पुण्या-मुंबईतल्या किती घरांत त्या याद्या भिंतीवर चिकटवलेल्या होत्या! चीनमध्ये यू मिनहोंग नावाच्या शिक्षकाने १९९३ साली 'न्यू ओरिएंटल' नावाचा क्लास काढला. हा स्वतः खेड्यातला मुलगा, प्रवेशपरीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पेकिंग विद्यापीठात पोचलेला. त्याचं जी.आर.ई.च्या शब्दांचं पुस्तक 'लाल पुस्तक' म्हणून प्रसिद्ध झालं. क्लास इतका वाढला की परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेने आपल्या प्रश्नपत्रिका परवानगीशिवाय छापल्याबद्दल २००१ साली त्याच्यावर खटला भरला आणि २००४ साली पेकिंगच्या वरच्या कोर्टाने न्यू ओरिएंटलला भरपाई द्यायला लावली. दरम्यान २००२ साली आणखी एक प्रकार. पेपर देऊन आलेली मुलं आठवतील ते प्रश्न इंटरनेटवर टाकू लागली, आणि त्या संस्थेला चीनमधली कॉम्प्युटरवरची परीक्षा थांबवून पुन्हा कागदावर यावं लागलं. शेवटी २०११ साली जी.आर.ई.तून विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या दोन्ही गेले. आता शब्द विचारतात तो वाक्यात, उताऱ्यात.

या सगळ्याला चिनी लोकांनीच नाव दिलं, 'मुकं इंग्रजी'. डोळ्यांना येतं, तोंडाला येत नाही. टीका वाढली तसे बदल झाले. बँड चारमध्ये २००५ पासूनच्या सुधारणांत ऐकण्याचे गुण वीसवरून पस्तीस टक्क्यांवर गेले आणि सुटे शब्द विचारणं बंद झालं. २०१७ च्या जानेवारीत सरकारने जाहीर केलं की बढतीसाठी परकी भाषेची सरसकट अट नको, आणि ती डिक्शनरीवाली परीक्षा बंद झाली. ज्यांना तिचा सर्वात जास्त जाच झाला, ते बहुतेक तोवर निवृत्त झाले होते.

मग वाचनाची परीक्षा चुकीचीच होती का? मला तसं वाटत नाही. शब्दसंग्रहावर आयुष्य घालवलेले न्यूझीलंडचे प्राध्यापक पॉल नेशन यांनी २००६ साली हिशोब मांडला. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. (शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सारी रूपं.) तेव्हा कुठे पन्नास शब्दांत एकच अनोळखी उरतो. बँड चारची यादी जेमतेम सव्वाचार हजार शब्दांची. म्हणजे परीक्षा पास होऊनही माणूस दर एक-दोन ओळींना ठेचकाळणारच. दोष वाचन तपासण्यात नव्हता. तपासणीपलीकडे वाचन घडलंच नाही, हा दोष. यादी पाठ करणाऱ्याला शब्दाचा चेहरा कळतो, स्वभाव कळत नाही. स्वभाव कळायला तो शब्द दहा-वीस वेळा वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो. त्याला पुस्तकं लागतात, सवड लागते, आणि 'हे परीक्षेला नाही' असं म्हणून वाचता येण्याची मोकळीक लागते. पंचेचाळिशीतल्या त्या डॉक्टरला यातलं काहीच मिळालं नाही. त्याला मिळाला फक्त पेपर.

'आपल्याला बोलता येत नाही' म्हणून आपल्याकडेही मराठी माध्यमातली मुलं खाली मान घालतात, आणि घडाघडा बोलणाऱ्याला इंग्रजी वाचता येतं का हे कुणी विचारत नाही. मला ते मुकं इंग्रजी इतकं हिणवण्यासारखं वाटत नाही. तहाच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचता यावं, एवढ्यासाठीच तर ते सुरू झालं होतं. औषधाच्या बाटलीवरचं, बँकेच्या कागदावरचं, कराराच्या शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर वाचायला आजही तोंड लागत नाही, डोळे आणि शब्द लागतात. आणि ते जमत नसेल तर शेजारी डिक्शनरी ठेवायला कसली लाज?