भुजची गल्ली

श्रोतेहो, आज तुम्हांला कच्छातील भुज शहरी न्यावयाचे आहे. पण आजच्या भुजला नव्हे. भूकंपाला दोन वर्षे झाली आहेत, शहर अजून सावरते आहे, अशा २००३ सालच्या भुजला आपण जाऊ. गाव पडले कसे, हे सगळेच सांगतात. ते उठले कसे, हे पाहिले म्हणजे आपल्याला काही शिकता येते.

आधी थोडे मागचे पाहू. १५४९ साली राव खेंगारजी पहिले ह्यांनी भुजला आपली राजधानी केली. भोवती कोट, बाजूला हमीरसर तलाव आणि कोटाच्या आत दाट वस्ती, असे हे शहर. जमीन मात्र स्वस्थ बसणारी नव्हे. १६ जून १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला. लोक त्याला ‘अल्लाबंद’, म्हणजे देवाने घातलेला बांध, म्हणू लागले. त्या वेळी भुजचीही पडझड झाली. पण शहर पुन्हा त्याच कोटात, तशाच अरुंद गल्ल्यांवर उभे राहिले.

मग उजाडला २६ जानेवारी २००१ चा दिवस. शुक्रवार, सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटे. गुजरातेत तेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. भुजपासून जवळच अंजार गाव आहे. तिथे शाळेची मुले झेंडे घेऊन प्रभातफेरीला निघाली होती. फेरी अरुंद रस्त्यात असतानाच दोन्हीकडची घरे कोसळली. १८५ मुले आणि २० शिक्षक गेले. गुरुजी, ह्या मुलांना घराने मारले नाही. ती तर रस्त्यात होती. पण रस्ता घरांहून अरुंद असला, तर तो रस्ता कसला? भुजच्या कोटातही तेच झाले. गल्ल्या दगडामातीने बुजल्या. आतल्याला बाहेर पडता येईना, मदतीला आलेल्याला आत शिरता येईना.

आता २००३ च्या भुजमध्ये चला. कोटाबाहेर पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत बिऱ्हाडे आहेत. आत ढिगारे उपसून मोकळ्या झालेल्या जागा दिसतात. नव्या आखणीत रस्ते रुंद करावयाचे ठरले आहे. पण रस्त्याला जमीन द्यायची कुणी? इथेच खरी कसोटी होती! घर गेलेल्या माणसाला, आता जागेतलाही तुकडा सोड, असे सांगावे लागले. नियम असा केला की, मोठ्या जागेतून जास्त कापावे, लहानातून कमी, आणि अगदी चिमुकल्या जागेला हात लावू नये. कुणी रागावले, कुणी भांडले. काही कुटुंबे कोटाबाहेरच्या नव्या वसाहतींत गेली आणि पिढ्यांचा शेजार तुटला. भाडेकरूंची तर फारच ओढाताण झाली, कारण त्यांच्या नावावर जमीनच नव्हती. हेही नुकसान हिशेबात धरले पाहिजे. तरी रस्ते झाले.

शहरातले इस्पितळही पडले होते. नवे इस्पितळ शिशाचा गाभा असलेल्या रबरी बैठकांवर उभारले आणि २००४ साली ते सुरू झाले. खालची जमीन हलली, तरी वरच्या इमारतीला बसणारा हिसका त्यामुळे कमी होतो. उलट, खेड्यांतले गोल झोपडीवजा भुंगे कितीतरी ठिकाणी साधेपणीच टिकले. गोल भिंत आणि हलके छप्पर, एवढेच त्यांचे शास्त्र!

आपल्याला हे परके नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांवर आली. त्या दुःखातून घर बांधण्याचे शहाणपण शिकलेल्या लातूरकडच्या काही बाया पुढे कच्छात गेल्या. तिथल्या बायांजवळ बसून त्यांनी आपला अनुभव सांगितला.

तेव्हा मंडळी, भूकंप आपल्या हाती नाही. गल्लीची रुंदी आहे. ओटा पुढे सरकवताना, वाटेवर भिंत रेटताना भुज आठवा. आणि गुरुजी, येत्या २६ जानेवारीला प्रभातफेरी काढण्याआधी एकदा त्या वाटेने स्वतः चालून या. कोणती भिंत झुकली आहे, मुले मोकळ्या मैदानावर कुठून निघतील, हे पाहून ठेवा. अंजारच्या मुलांची आठवण राखण्याची ही एक चांगली रीत आहे.