आगराचे मीठ व आमचे ताट

यंदाच्या ज्ञातिभोजनात तांदळाची भाकरी व सुकट असावी की नसावी, याविषयी सभेत मतभेद झाला. ‘बाहेरचे पाहुणे नाके मुरडतील’ असे काही तरुण बंधूंचे म्हणणे पडले. त्यांस दोष देण्यापूर्वी आम्हांस एक कबुली देणे भाग आहे. शिक्षक असताना मधल्या सुटीत एका मुलाच्या डब्यातील सुकटीवरून वर्गात हशा पिकला, तेव्हा ‘उद्यापासून भाजी आणीत जा’ असे आम्ही त्या मुलासच बजावले. मुलगा आपल्याच ज्ञातीचा होता. आणि त्या रात्री आमच्या पानातही सुकटच होती!

आगरी हे नाव ‘आगर’ या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानतात. राई, मुर्धे, मोर्वा या आपल्या गावांत पावसाळ्यात भात आणि पुढे मिठागर, असा वर्षाचा क्रम असे. उधाणाचे पाणी आत घ्यावयाचे, एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडून उन्हात आटवावयाचे, आणि तळाशी बसलेले मीठ ओढून ढीग रचावयाचे. ऐन वैशाखात हे काम करणाऱ्यास शिदोरी लागे ती न विटणारी. भात घरचा, मासळी खाडीची व शेजारच्या उत्तनची. बोंबील आणि जवळा नुसत्या उन्हात वाळतात. मोठ्या मासळीस मात्र मीठ लागे. होड्या किनाऱ्याला लागल्या की पावसाळाभर याच साठ्यावर चूल चाले. ज्या अन्नाची आज लाज वाटते, ते असे श्रमातून ठरलेले आहे.

मिठाची गोष्ट तर अधिक कडू आहे. १८८२ च्या मीठ कायद्याने मिठावर सरकारची मक्तेदारी पक्की झाली. ज्याने दिवसभर मीठ ओढले, त्याने कर भरल्यावाचून त्यातील मूठभर घरी नेले तरी तो गुन्हेगार ठरे. दि. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडी येथे चिमूटभर मीठ उचलले, त्याचा अर्थ आगरात राबणाऱ्यास कोणी समजावून सांगावयास नको होता. हा कर १९४७ साली उठला.

मात्र ‘आमचे ते सारे प्राचीन’ असाही अभिमान कोणी धरू नये. आपल्या कालवणास लाल रंग देणारी मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती या देशात आणली. वसई प्रांत १५३४ पासून त्यांच्याकडे होता. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, मिरची राहिली. उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या मसाल्यातही तीच आहे.

असो. सभेत अखेर सुकट राहिली. ती निवडण्याचे काम आम्ही मागून घेतले आहे. तो विद्यार्थी आता दोन मुलांचा बाप आहे; त्यास सहकुटुंब येण्याचे निमंत्रण आम्ही स्वतः देऊन आलो.